काळी स्क्रीन, उतरणारी बॅटरी: जुन्या लॅपटॉपच्या प्रकल्प नोंदी

२ जून

ताईचा जुना लॅपटॉप माझ्याकडे आला. लिनक्स टाकलं, दोन दिवस वापरला आणि वैतागलो, म्हणून आजपासून लिहून ठेवतोय. नाहीतर काय बदललं, कधी बदललं हे माझ्याच लक्षात राहत नाही आणि मग एकच उपाय तीनदा करून बघतो.

तक्रारी अशा. काम करता करता स्क्रीन मध्येच काळी होते, की दाबली तर फॅन फिरायला लागतो पण स्क्रीन काळीच. झाकण लावून ठेवला आणि उघडला तरी तेच, दहातल्या सहा-सात वेळा. स्क्रीन चालू असताना कधीकधी थरथरते, ट्यूबलाइट जायला आली की करते तसं. आणि रात्री झोपवून ठेवला की सकाळी बॅटरी पार उतरलेली.

माझा अंदाज, आणि हा अंदाज मुद्दाम लिहून ठेवतोय म्हणजे नंतर पलटी मारता येणार नाही: ग्राफिक्स ड्रायव्हर (चित्र बनवणारी चिप चालवणारं सॉफ्टवेअर). सगळं एकाच ठिकाणी मुरतंय.

ताईला फोन केला. ती म्हणाली, "अरे बॅटरी टिकत नव्हती म्हणून तर तुला दिला, पण मध्येच बंद वगैरे माझ्याकडे कधीच नाही झाला." म्हटलं तुझ्याकडे त्याच्यावर दुसरी सिस्टिम होती, आणि तुझ्या लक्षातही आलं नसेल. "माझ्या लक्षात आलं नसेल? दिवसभर त्याच्यावरच बसायचे मी," म्हणाली. बरं बाई.

३ जून

काळी स्क्रीन म्हणजे नक्की काय काळं झालंय हे आधी ठरवायला पाहिजे, कारण "काळी" या एका शब्दात चार वेगळे आजार असू शकतात. मशीन हँग झालंय, मशीन चालू आहे पण चित्रच जात नाहीये, चित्र जातंय पण मागचा लाइट बंद आहे, किंवा पॅनलच मेलंय.

पहिली तपासणी कॅप्स लॉक. दाबला, दिवा लागला, परत दाबला, विझला. म्हणजे कर्नल, सिस्टिमचा गाभा, जिवंत आहे. दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने (नेटवर्कवरून लॉगिन करायची सोय) आत शिरलो, लगेच लॉगिन झालं, सगळं व्यवस्थित चालू, फक्त मला दिसत नाहीये.

मग टॉर्च. खोलीतला लाइट बंद केला, मोबाइलचा टॉर्च स्क्रीनला अगदी चिकटवून तिरका धरला, आणि काळ्या काचेत अंधुकशी लॉगिनची चौकट दिसली! नाव दिसतंय, पासवर्डचा रकाना दिसतोय, घड्याळातले आकडेसुद्धा, सगळं जुन्या फोटोच्या निगेटिव्हसारखं फिकट. एलसीडीला स्वतःचा उजेड नसतो, ती नुसती मागून येणारा उजेड अडवते किंवा सोडते, त्यामुळे मागचा लाइट गेला तरी चित्र तिथे असतंच. (ओलेड असेल तर ही युक्ती चालत नाही, तिथे पिक्सेल स्वतःच पेटतो.)

म्हणजे पॅनल ठीक, केबल ठीक, चित्र पोचतंय. फक्त बॅकलाइट. अर्धा आजार इथेच वगळला गेला आणि खर्च काय तर एक टॉर्च.

एसएसएच चालू होतंच, तर सिस फोल्डरात (इथल्या फाईलींतून लिनक्स हार्डवेअरची सेटिंग दाखवतं) क्लास, त्याच्या आत बॅकलाइट, तिथे जाऊन बघितलं. आत एक असायला हवं तिथे दोन निघाले. एक एसीपीआयवाला, म्हणजे लॅपटॉपच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरमार्फत (फर्मवेअर) चालणारा, एक ग्राफिक्स ड्रायव्हरचा स्वतःचा. एसीपीआयवाल्यात ब्राइटनेस मस्त अर्ध्यावर, आणि ड्रायव्हरवाल्यात शून्य. त्या शून्याच्या जागी ७०० लिहिलं (कमाल १५००), एंटर मारला आणि बाजूला ठेवलेल्या लॅपटॉपचा चेहरा एकदम उजळला. रात्री एकट्याने टाळी वाजवली मी.

आता आठवतंय, ब्राइटनेसची की दाबली की स्क्रीनवर पट्टी वर-खाली व्हायची पण उजेड तसाच राहायचा. मी म्हणायचो, कीच खराब असेल. की बरोबर होती, डेस्कटॉप भलत्याच बटणाला हात लावत होता.

४ जून

बूट होताना ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) मेनूत ई दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी "एसीपीआय-बॅकलाइट = नेटिव्ह" असं जोडलं, म्हणजे ड्रायव्हरचाच बॅकलाइट वापर. असं केलेला बदल त्या एका बूटपुरताच असतो, बिघडलं तर नुसतं रिस्टार्ट, म्हणून आधी असंच करून बघावं, सरळ ग्रबच्या फाईलमध्ये लिहायची घाई करू नये. मी पूर्वी केलीये घाई, आणि मग पेनड्राइव्ह शोधत बसलोय.

बूट झाल्यावर बॅकलाइटच्या फोल्डरात एकच नाव. की दाबल्या की उजेड खरोखर कमी-जास्त होतोय. झाकण लावून-उघडून २० वेळा बघितलं, २० पैकी २० वेळा स्क्रीन आली. मग फाईलमध्ये कायमचं लिहून ग्रब अपडेट मारलं.

जाता जाता, त्याच फोल्डरात बीएल-पॉवर नावाची एक फाईल असते. त्यात ० म्हणजे लाइट चालू आणि ४ म्हणजे बंद. शून्य म्हणजे चालू! मी पहिल्यांदा उलटं समजून अर्धा तास घालवला.

संध्याकाळी काम करताना स्क्रीन परत काळी झाली. पण या वेळी की दाबल्यावर आली. म्हणजे "मध्येच काळी होणं" आणि "काळी झाल्यावर परत न येणं" या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि दुसरी गेली तेव्हा पहिली एकटी उघडी पडली. पॉवरचा दिवा हळूहळू लुकलुकत होता. म्हणजे हा झोपतोय. का झोपतोय ते नंतर बघू.

६ जून

थरथर. आधी बिजागरीवर संशय घेतला, कारण स्क्रीनची केबल बिजागरीतून जाते आणि हजारो वेळा झाकण उघडून ती आत झिजते. झाकण हळूहळू मागे-पुढे केलं, कोपऱ्यात धरून थोडं पिरगाळलं (जपून), थरथरीत काही फरक नाही. केबल असती तर एखाद्या कोनात वाढली असती नाहीतर थांबली असती.

बायोसच्या (सिस्टिम सुरू व्हायच्या आधीचं) सेटिंगच्या पानावर दहा मिनिटं नुसता बघत बसलो, तिथे थरथर नाही. बाहेरचा मॉनिटर लावला, त्यावर नाही, लॅपटॉपच्या स्वतःच्या स्क्रीनवर मात्र आहे. स्क्रीन रेकॉर्ड करून ती व्हिडिओ फाईल दुसरीकडे चालवली, त्यात नाही. म्हणजे चित्र तयार होतंय ते स्वच्छ आहे, पॅनलपर्यंत जाताना काहीतरी होतंय, आणि तेही सिस्टिम चालू झाल्यावरच.

तासभर नुसतं निरीक्षण केलं तेव्हा लक्षात आलं की माउस हलवत असताना थरथर कधीच होत नाही. व्हिडिओ चालू असताना होत नाही. लिहिता लिहिता विचार करायला थांबलो, स्क्रीनवर सगळं स्थिर, फक्त कर्सर लुकलुकतोय, की झालीच सुरू. हे कळलं आणि पुढचं सगळं सोपं झालं.

७ जून

पॅनल सेल्फ रिफ्रेश, पीएसआर. कल्पना चांगली आहे. स्क्रीनवरचं चित्र बदलत नसेल तर ग्राफिक्स चिपने तेच चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवत कशाला बसायचं? पॅनलला स्वतःची थोडी मेमरी दिली की ते शेवटचं चित्र धरून स्वतःच दाखवत बसतं, आणि चिप आणि मधली लिंक दोघं डुलकी काढतात. काही बदललं की चिप जागी होते, नवीन चित्र देते, परत डुलकी. ही सोय ईडीपीच्या (लॅपटॉपच्या आत पॅनलला चित्र पोचवणारी जोडणी) १.३ आवृत्तीत आली. पण या झोपायच्या-उठायच्या वेळात पॅनल आणि ड्रायव्हर यांचं जमलं नाही की ती थरथर. आणि कर्सर अर्ध्या-अर्ध्या सेकंदाला लुकलुकतो म्हणजे या दोघांना सारखं झोप-ऊठ-झोप-ऊठ.

ड्रायव्हरचा एनेबल-पीएसआर हा पर्याय ० केला, पुन्हा ग्रबच्या मेनूतून तात्पुरता. थरथर गेली. एकदम. दोन तास बघितलं, गेलीच.

पण फुकट काही नाही. बॅटरीवर, ब्राइटनेस तोच, वायफाय चालू, काहीही न करता नुसतं पान उघडं ठेवून पॉवरटॉप या प्रोग्रामने वीज मोजली. पीएसआर चालू असताना ५.१ वॉट, बंद केल्यावर ५.६. अर्धा वॉट गेला. थरथरीपेक्षा अर्धा वॉट परवडला, डोळे माझे आहेत.

मोजताना एक चूक केली ती लिहून ठेवतो. पहिल्यांदा ७ वॉट दिसले आणि घाबरलो, मग कळलं चार्जर नुकताच काढला होता. काढल्यावर मिनिट-दोन मिनिटं आकडे स्थिर होऊ द्यायचे.

९ जून

आता बॅटरी. आधी बॅटरीची स्वतःची पत्रिका बघितली. पॉवर-सप्लायच्या फोल्डरात एनर्जी-फुल-डिझाइन आणि एनर्जी-फुल अशा दोन फाईली आहेत, आकडे मायक्रोवॉट-आवरमध्ये असतात म्हणून शेवटची सहा शून्यं मनातल्या मनात काढायची. नवी असताना ५० वॉट-आवर, आता ३८.६. म्हणजे ७७ टक्के उरलीये. वयाच्या मानाने ठीक आहे, रात्रीत उतरण्याचं खापर नुसतं हिच्यावर फोडता येणार नाही.

काल रात्री १०० टक्के करून, चार्जर काढून, झाकण लावून ठेवला होता. आठ तासांनी ६४. म्हणजे १३.९ वॉट-आवर खाल्ले, भागिले ८, साधारण १.७ वॉट. झोपलेल्या मशीनला इतकी भूक? नुसतं पान उघडं ठेवून जागा असताना साडेपाच खातो, म्हणजे हा झोपला नव्हता, डोळे मिटून पडला होता.

सिस फोल्डरातल्या पॉवरमध्ये मेम-स्लीप नावाची फाईल आहे. उघडली. त्यात दोन शब्द, एस-टू-आयडल आणि डीप, आणि ज्याच्याभोवती चौकोनी कंस तो सध्याचा. कंस एस-टू-आयडलभोवती होता.

यातला फरक मला असा समजला. डीप म्हणजे एसीपीआयमधली एस-३ ही झोपेची पातळी, रॅम सोडून जवळपास सगळ्यांचा वीजपुरवठा तोडायचा, आणि हे काम फर्मवेअर करतं. एस-टू-आयडलमध्ये असं काही तोडत नाहीत, सगळी कामं थांबवतात आणि प्रत्येक चिपने आपापलं शहाण्यासारखं खालच्या पॉवरला जावं अशी अपेक्षा असते. सगळ्यांनी ऐकलं तर तेही उत्तम चालतं आणि उठतो पटकन. पण एकाने जरी जागं राहायचं ठरवलं, एखादी डिस्क, एखादं कार्ड रीडर, तर प्रोसेसरला खोल झोपेत जाता येत नाही आणि रात्रभर दिवा जळत राहतो. बऱ्याच नव्या लॅपटॉपांत डीप हा पर्यायच दिलेला नसतो. हा जुना म्हणून नशीब.

त्या फाईलमध्ये डीप लिहिलं. आज रात्री बघू.

१० जून

नऊ तासांत ३ टक्के. ०.१३ वॉट. कालच्या तेराव्या हिश्शाच्या आसपास. उठायला आता चारेक सेकंद लागतात, आधी एका सेकंदात उठायचा, पण त्याची मला काही घाई नाही.

कर्नलच्या ओळीत "मेम-स्लीप-डीफॉल्ट = डीप" हेही कायमचं घातलं, कारण फाईलमध्ये लिहिलेलं रिस्टार्ट झालं की पुसलं जातं.

संपलं असं वाटलं. संपलं नव्हतं.

११ जून

झोपवून बॅगेत टाकला, दोन तासांनी बाहेर काढला तर गरम! नुसता कोमट नाही, तळहात टेकवून धरवत नव्हता. बॅटरी ९६ वरून ७१.

जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदवहीत, सस्पेंड (झोपणं) हा शब्द शोधला. आत गेला तेव्हा "सस्पेंड एंट्री" अशी ओळ येते आणि उठला की "सस्पेंड एक्झिट". रात्री दोनच ओळी होत्या, एक झोपायची आणि एक सकाळी उठायची. आणि बॅगेतल्या दोन तासांत? एंट्री, एक्झिट, एंट्री, एक्झिट, रांगच लागलेली, मोजल्या तर ४० च्या वर. उठायचा, अर्ध्या-पाऊण मिनिटाने झाकण बंद आहे हे लक्षात यायचं, परत झोपायचा, लगेच परत उठायचा. तान्ह्या बाळाची रात्र.

उठवतंय कोण? प्रोक फोल्डरात एसीपीआय, त्यात वेकअप नावाची फाईल, त्यात कोणाकोणाला मशीन उठवायची परवानगी आहे त्याची यादी. एक्सएचसी, म्हणजे यूएसबीचा कंट्रोलर, एनेबल्ड. यूएसबीत काय होतं तर वायरलेस माउसचा तो छोटा रिसीव्हर, तो मी कधीच काढत नाही. आणि माउस त्याच बॅगेत, बटण चालू. चालताना बॅग हलणार, माउस हलणार, रिसीव्हर म्हणणार उठा उठा साहेब काम करतायत.

त्या फाईलमध्ये एक्सएचसी असं लिहिलं की ते डिसेबल्ड होतं. केलं. रिस्टार्टनंतर टिकत नाही म्हणून बूटला चालणारी एक छोटी स्क्रिप्ट केली. माउस हलवून बघितला, आता उठत नाही.

१३ जून

आज परत बॅग गरम. वेकअपची फाईल बघितली तर एक्सएचसी एनेबल्ड, जसं काही मी हात लावलाच नव्हता.

हे शोधायला अडीच तास लागले आणि कारण इतकं बावळट आहे की लिहायचीही लाज वाटते. त्या फाईलमध्ये नाव लिहिणं म्हणजे "बंद कर" नव्हे, "उलट कर". बंद असेल तर चालू, चालू असेल तर बंद. दिव्याचं बटण. माझी स्क्रिप्ट बूटला एकदा चालत होती आणि झोपेतून उठल्यावरही एकदा चालावी म्हणून मीच हौसेने दुसरीकडे जोडली होती. एकदा बंद, एकदा चालू. झोपला-उठला विषम वेळा की चालू, सम वेळा की बंद. मी तपासलं ते बरोबर सम वेळेला.

स्क्रिप्ट फेकून दिली. त्याऐवजी युडेव्हचा (उपकरण जोडलं की त्याची सेटिंग आपोआप लावणारी सोय) नियम लिहिला, फक्त त्या रिसीव्हरसाठी, त्याच्या पॉवर फोल्डरातल्या वेकअप फाईलमध्ये सरळ "डिसेबल्ड" हा शब्द. तिथे शब्द लिहायचा असतो, उलटसुलट भानगड नाही, दहा वेळा लिहिलं तरी डिसेबल्डच. शिवाय बाहेरचा कीबोर्ड लावला तर त्याने उठवता येतं, सगळं यूएसबी बंद करायची गरज नाही.

आणि हो, माउस बॅगेत टाकताना त्याचं बटण बंद करायचं. हा उपाय पहिल्या दिवशीही उपलब्ध होता.

१४ जून

छोटं. बॅटरी वाचवायला टीएलपी हा प्रोग्राम टाकलं होतं, आज दिसलं की तेच काम करणारा पॉवर-प्रोफाइल्स-डेमनही आधीपासून चालू आहे. दोघं एकाच वेळी प्रोसेसरच्या त्याच सेटिंगवर हात ठेवून, एक म्हणतो बचत, दुसरा म्हणतो समतोल. एका म्यानात दोन तलवारी. टीएलपी ठेवलं, दुसऱ्याला मास्क केलं, म्हणजे सुरूच होऊ शकणार नाही असं.

१६ जून

आता ती "मध्येच काळी", जी ४ तारखेपासून बाजूला ठेवली होती. आता बॅकलाइट बरोबर आहे म्हणून निदान की दाबल्यावर येते, पण अर्ध्या मिनिटात परत झोपते, परत उठवा, परत झोपते. मग दहा मिनिटं काही नाही. मग दुपारभर काही नाही. मग संध्याकाळी परत.

काय काय केलं: आपोआप झोपायची वेळ "कधीच नाही" केली. फरक नाही. टीएलपी काढलं. फरक नाही. पीएसआर परत चालू करून बघितलं, बंद करून बघितलं. तापमान बघितलं, ५५ अंश, काही विशेष नाही. चार्जर काढून पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरलं म्हणजे आतला छोटा कंट्रोलर रीसेट होतो, तीही झाडफूक झाली. जुन्या कर्नलवर गेलो, नव्यावर गेलो. जर्नलमध्ये एरर शब्द शोधला, ड्रायव्हरचं नाव शोधलं, फेल्ड शोधलं. सापडल्या त्या ओळी सगळ्या लॅपटॉपवर असतात तसल्याच, निरुपद्रवी.

सारखं वाटत राहिलं ड्रायव्हर, ड्रायव्हर.

ताईचा मेसेज: "झाला का नीट?" नाही लिहिलं. "माझ्याकडे नव्हता होत," परत तेच. या वेळी जरा थांबलो. तिच्याकडे खरंच होत नसेल तर? तिच्याकडे काय नव्हतं जे माझ्याकडे आहे? लिनक्स, माझा माउस, माझं टेबल.

१७ जून

आज शोधायचं बंद केलं आणि वाचायला घेतलं. स्क्रीन काळी झाली तेव्हाची वेळ कागदावर लिहिली, ११:४२, आणि जर्नलमधलं ११:४१ ते ११:४३ सगळं, काहीही न गाळता, ओळीन् ओळ वाचलं.

११:४२:०७, लिड क्लोज्ड.

झाकण बंद?? मी त्याच्यासमोर बसलोय, झाकण सताड उघडं, मी टाइप करतोय आणि मशीन शांतपणे नोंद करतंय की झाकण लावलं गेलं. मागे गेलो, ४ तारखेची संध्याकाळ, लिड क्लोज्ड. १६ तारखेच्या सगळ्या वेळा, लिड क्लोज्ड. पहिल्या दिवसापासून ओळ तिथे होती. मी मात्र गाळणी लावून एरर शोधत होतो आणि झाकण लागणं ही काही एरर नाही, ती साधी बातमी आहे, त्यामुळे माझ्या गाळणीतून रोज निसटत होती.

झाकणाला बटण नसतं. झाकणाच्या कडेला आत एक छोटं चुंबक असतं आणि खालच्या भागात, मनगट टेकवतो तिथे कुठेतरी, चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर. चुंबक जवळ आलं की सेन्सर म्हणतो झाकण लागलं. आता चुंबक कोणाचं, हे त्याला काय माहीत.

उजवीकडे बघितलं. टचपॅडच्या उजव्या बाजूला, कोपऱ्यात, माझी इयरफोनची डबी. झाकण फटकन लागतं, इयरफोन आत चिकटून बसतात, ते सगळं चुंबकांवरच. गाणी लावायची की मी डबी तिथे ठेवतो. गाणी नसली की डबी खिशात.

डबी उचलली. हळूहळू कोपऱ्याकडे सरकवली, एक बोट, दोन बोटं, आणि उजव्या कडेपासून साधारण तीन सेंटिमीटरवर पोचली तशी स्क्रीन गपकन काळी. उचलली, आली. ठेवली, गेली. दहा वेळा केलं. दहावी वेळ निव्वळ मजेसाठी.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आणि मी जे एक दुखणं समजत होतो ते तिघांचं मिळून होतं: डबीने झोपवायचं, दुसऱ्या बॅकलाइटने काळोख करायचा, आणि मी पॉवर बटण दाबून धरून बंद करायचं आणि म्हणायचं क्रॅश झाला. ताईकडे इयरफोन वायरचे आहेत.

तिला कळवलं. उत्तरात नुसते हसण्याचे सहा चेहरे आले, आणि मग, "मी सांगत होते."

१९ जून

एक राहिलं होतं. १८ टक्के दाखवत असताना लॅपटॉप धप्पकन बंद झाला. झोपला नाही, बंदच. जर्नल मधेच तुटलेलं, बंद होतानाच्या नेहमीच्या ओळी नाहीत, म्हणजे वीजच गेली.

हे मात्र बॅटरीचंच. जुन्या बॅटरीचा आतला रोध वाढलेला असतो, एकदम जास्त करंट ओढला (मी तेव्हा व्हिडिओ एक्सपोर्ट करत होतो) की व्होल्टेज खाली कोसळतं आणि संरक्षणाचं सर्किट तोडून टाकतं. टक्के हा शेवटी हिशोबाने काढलेला अंदाज आहे. एकदा पूर्ण चार्ज करून, हलक्या कामावर शेवटपर्यंत उतरवून, परत सलग पूर्ण चार्ज केला. एनर्जी-फुल ३८.६ वरून ३६.९ वर आली. बॅटरी लहान झाली नाही, आकडा खरा झाला.

यूपॉवरच्या (बॅटरीवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम) सेटिंगमध्ये शेवटची कृती १२ टक्क्यांवर ठेवली, म्हणजे तिथे पोचला की स्वतःहून नीट बंद होईल. आणि चार्जिंगची वरची मर्यादा ८० टक्के, चार्ज-कंट्रोल-एंड-थ्रेशोल्ड नावाच्या फाईलमध्ये. ही फाईल सगळ्या लॅपटॉपांत नसते, यात निघाली. दिवसभर टेबलावर चार्जरला लावूनच असतो तर १०० वर ताटकळत ठेवण्यात काही अर्थ नाही. बाहेर जायचं असेल त्याच्या आदल्या रात्री १०० करतो.

चार्जरचीही एक गंमत. टाइप-सीचा दुसरा चार्जर लावला तर चार्जिंगचं चिन्ह दिसत होतं आणि काम करताना टक्के हळूहळू खाली. तो ४५ वॉटचा, २० व्होल्टला २.२५ अँपिअर, आणि याचा मूळचा ६५ चा. प्रोसेसर आणि स्क्रीन मिळून जोरात असले की ४५ पुरत नाहीत, उरलेले बॅटरीतून जातात. बिघाड काही नाही, नळ लहान आहे. केबलचंही बघावं लागतं, आत ओळख सांगणारी चिप नसलेली साधी केबल ३ अँपिअरच्या वर जात नाही, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉटच. ६५ चा चार्जर घेऊनही.

२२ जून

तीन दिवस काही झालं नाही. आज कर्नलचा अपडेट आला, म्हणून सगळं परत एकदा तपासलं: बॅकलाइटच्या फोल्डरात एकच नाव, मेम-स्लीपमध्ये कंस डीपभोवती, रिसीव्हरचा वेकअप डिसेबल्ड, थरथर नाही. रात्री ८ तासांत २ टक्के. बॅगेत तीन तास, एक एंट्री, एक एक्झिट, गार.

पीएसआर नव्या कर्नलवर चालू करून अर्धा तास बघितलं. थरथर आहेच, पण कमी. बंदच ठेवलं. पुढच्या मोठ्या अपडेटनंतर परत बघेन, तो अर्धा वॉट मला हवाय.

डबी आता डावीकडे ठेवतो. डावीकडे सेन्सर नाहीये, डबी फिरवून इंच न् इंच तपासलंय.